वैरीसाहेब

त्याचं नाव दोनातो वेरी. आमच्या गावाच्या तोंडात पहिल्याच दिवशी त्याचं 'वैरीसाहेब' झालं. कोणी मुद्दाम केलं नाही, जिभेला जे सोपं पडलं ते झालं. पण झालं ते बरोबरच झालं असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. मलाही.

मी त्या गावचा पोस्टमास्तर होतो. गावाचं नाव लिहीत नाही. मानोऱ्यापासून तीन कोस, गावाबाहेर टेकडीच्या उताराला बंजाऱ्यांचे चार-पाच तांडे, गावात एक शाळा, पोलीस ठाणं आणि भाड्याच्या खोलीत आमचं पोस्ट, एवढं सांगितलं तरी पुरे. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होतं. रझाकारांची धामधूम संपून चार-पाच वर्षं झाली होती, पण ती लोकांच्या मनातून गेली नव्हती. निजामाची जुनी हद्द पैनगंगेपलीकडे, म्हणजे फार लांब नाही. अनोळखी माणूस दिसला की आधी त्याच्या सामानाकडे बघायचं आणि मग तोंडाकडे, अशी गावाला सवय लागली होती.

आणि ह्याच्याजवळ तर तीन पेट्या होत्या.

दिवाळी होऊन गेली होती. कारंज्याच्या मोटारीतून एक उंच, पाठीत जरासा वाकलेला, पंचेचाळिशीचा गोरा माणूस उतरला. हातात काळी छत्री. पेट्यांना त्याने कोणालाच हात लावू दिला नाही. एकेक करून स्वतः उचलून पोस्टाच्या ओट्यावर आणून ठेवल्या. मग आत आला आणि एक शब्द बोलायच्या आधी माझ्या टेबलावरच्या पितळी तराजूचं पारडं नखाने वाजवलं. कान खाली नेला, आवाज पुरता विरेपर्यंत तसाच थांबला.

"अच्छा है," तो म्हणाला. "थोडा नीचे है, मगर अच्छा है."

मला वाटलं, तराजूवर आळ घेतोय. "वजन बिलकुल बराबर है. सरकारी है," मी म्हणालो.

"वजन नहीं, बाबू. आवाज."

हिंदी तो बंदिवासात शिकला होता. लढाईत तो इटलीच्या फौजेच्या बँडमध्ये होता. इंग्रजांनी आफ्रिकेत पकडलं आणि जहाजात घालून हिंदुस्थानात आणलं. चार वर्षं तारेच्या कुंपणात काढली. भाषा पहारेकऱ्यांकडून उचलली, त्यामुळे त्याच्या बोलण्यात हुकूम फार, आणि बाई असो की बुवा, सगळे पुल्लिंगी. लढाई संपल्यावर तो मायदेशी गेला, पण वर्षभरात मुंबईला परत आला. का आला, हे त्याने कधी सांगितलं नाही. मुंबईत एका रेकॉर्ड कंपनीत तो चाली बांधायचा, वाजवणाऱ्यांचा ताफा बसवायचा आणि रेकॉर्डिंगही स्वतःच करून घ्यायचा. त्या कंपनीचं पत्र त्याने माझ्यापुढे ठेवलं. श्री. वेरी हे आमचे संगीतकार असून लोकगीतांच्या संशोधनासाठी येत आहेत, सर्वांनी सहकार्य करावं, असं त्यात होतं. मी ते पाटलांना वाचून दाखवलं.

पाटील म्हणाले, "रेकाडी काढाच्या त मुंबईत काढ म्हना. मुंबईत काय गाने कमी हायेत? इथं काहून आला?"

ह्या प्रश्नाचं उत्तर पत्रात नव्हतं.

शाळेमागच्या रिकाम्या गोदामात तो राहू लागला. माणूस विचित्र खरा. जे दिसेल ते वाजवून बघायचा. रांजण, खाटेचा पाय, बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव, शाळेची घंटा. माझ्या पोस्टाचं दार कुरकुरायचं, ते त्याला सहन होईना. एक दिवस तेलाची वाटी घेऊन आला आणि न विचारता बिजागऱ्यांना तेल घालून गेला. त्यानंतर पोस्टात कोण कधी आलं हे मला कळेनासं झालं, आणि मनात आलं, ह्याला नेमकं हेच तर हवं नव्हतं ना? चहा बिनदुधाचा प्यायचा. कणीक मळून तिच्या बोटभर रुंद पट्ट्या कापायचा आणि दोरीवर वाळत घालायचा. बायका हसून म्हणायच्या, सायबाच्या शेवया पाहा कशा जाड्या. पण हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "त्या पट्ट्यांवर काही लिहिलेलं तर नसतं ना हो?"

हसू नका. तो काळच तसा होता. कोणी म्हणे पाद्री आहे, तांडे बाटवायला आलाय. कोणी म्हणे शिरपूरच्या देवळाखालच्या धनाचा नकाशा त्याच्याजवळ आहे. मग शिरपूर सोडून इथे कशाला बसेल, असं कोणी विचारलं नाही. ठाणेदारांचं मत ठाम होतं. पेटीत बिनतारी यंत्र आहे. मला स्वतःला काय वाटत होतं? मला एवढंच वाटत होतं की जो माणूस आपल्या घरी जाऊनही परत इथे येतो, त्याच्या मनात काहीतरी आहे.

तांड्याने तर त्याला उभंच केलं नाही. पहिल्या दिवशी तो यंत्र घेऊन हरसिंग नायकाच्या तांड्यावर गेला आणि तासाभरात तसाच परत आला. त्यात नवल नव्हतं. बंजाऱ्यांना सरकारने वर्षानुवर्षं चोर ठरवून ठेवलं होतं. कागद-पेन्सिल घेऊन तांड्यात येणारा माणूस म्हणजे एक तर पोलीस, नाही तर मोहाच्या दारूवर धाड घालणारा. नायक बाजाराच्या दिवशी पोस्टात आला तेव्हा मला म्हणाला, "मास्तर, आमी त्याले सांगतलं, यायचं त ये, पन त्या पेट्या खाली ठेवून ये. पेटी घेऊन आला त कुत्रे सोडीन."

वेरी पेट्या ठेवून जाऊ लागला. रोज सकाळी छत्री घेऊन टेकडी चढायचा आणि तांड्याच्या कडेला कडुनिंबाखाली बसायचा. तीन आठवडे. कोणी बोलायचं नाही. पोरं लांबून खडे मारायची, तर हा खडा कशावर पडला ते आवाजावरून ओळखून मोठ्याने सांगायचा. पत्रा. माती. मडकं. पोरांना गंमत वाटू लागली, आणि आयांनी पोरांना घरात ओढून घेतलं.

त्याच्या येण्याचं कारण झमकूबाई होती. साठी उलटलेली, कोपरापर्यंत बलोयांनी, म्हणजे पांढऱ्या बांगड्यांनी भरलेले हात, तोंडात दात मोजके. बंजाऱ्यांच्या लग्नात नवरी सासरी निघताना एकेकीच्या गळ्यात पडून रडते, आणि ते रडणं गाण्यात असतं. त्याला ढावलो म्हणतात. ते आपोआप येत नाही, शिकावं लागतं. पंचक्रोशीतल्या तांड्यांमधल्या मुलींना ते शिकवणारी ही झमकूबाई. वेरीने तिच्याबद्दल मुंबईत एका बंजारा मजुराकडून ऐकलं होतं.

आमचा पोस्टमन आजारी होता म्हणून एकदा नायकाचं पत्र द्यायला मी स्वतः गेलो. झमकूबाई दारात बसून आरशांचं भरतकाम करत होती, आणि हा दहा हातांवर निंबाखाली. बाईने सुईवरून नजर न काढता विचारलं, "काहून रे, तुह्या देशात बाया रडत नाईत काय?"

त्याला कळलं नाही. मी हिंदीत सांगितलं.

त्याने छत्री मिटली आणि बसल्या जागीच गायला लागला. आवाज काही गवयाचा नव्हता, फाटका होता. एकच ओळ फिरून फिरून येत होती आणि दर वेळी शेवटी जरा खाली उतरत होती. गाणं संपल्यावर त्याने मला सांगितलं आणि मी बाईला सांगितलं, की ह्याचा थोरला भाऊ अमेरिकेच्या जहाजात बसला तेव्हा ह्याची आई बंदरावर उभी राहून हे म्हणत होती. भाऊ पुन्हा आला नाही.

झमकूबाईची सुई थांबली होती. "त्याची माय हाय काय?" तिने विचारलं.

"नहीं. लड़ाई में मर गया," तो म्हणाला. आईलाही तो पुल्लिंगीच बोलला.

बाई म्हणाली, "सकाळी आन तुही पेटी."

मी टेकडी उतरताना मनात म्हटलं, तीन आठवडे थांबून गडी बरोबर जागी बोट ठेवून गेला. आई खरी असेलही, नसेलही.

फाल्गुनात झमकूबाईच्या नातीचं, रूपलीचं लग्न झालं. पंधरा दिवस आधीपासून आजी तिला ढावलो शिकवत होती आणि वेरी यंत्र लावून समोर बसलेला. यंत्राला चावी द्यायची, आत बॅटऱ्या, वर दोन चाकं आणि त्यावर तपकिरी फीत. आजीने म्हणायचं, नातीने मागून उचलायचं. मध्येच हा हात वर करायचा आणि म्हणायचा, "फिर से, माई." आजी चिडायची. "चांगलं म्हनून राह्यली ना पोरगी! फिर से कायले?" आणि पुन्हा म्हणायला लावायची.

त्याच दिवसांत माझ्या हातून ते काम झालं.

ठाणेदारांनी मला बोलावून सांगितलं होतं की ह्याचं टपाल आपल्याला बघायचं आहे. लेखी काही नव्हतं. मी नाही म्हणू शकलो असतो. पण खरं सांगायचं तर मलाही बघायचंच होतं. मुंबईला जाणारा त्याचा एक जाड लिफाफा मी चहाच्या वाफेवर धरून उघडला. आत पत्र नव्हतं. चार कागद होते, प्रत्येकावर पाच-पाच आडव्या रेघा, आणि रेघांवर काळे ठिपके, शेपट्यांचे, बिनशेपट्यांचे, कुठे एकटे, कुठे हात धरलेले. सांकेतिक लिपी! मी ते कागद ठाणेदारांना नेऊन दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वेरीच्या तिन्ही पेट्या ठाण्यात होत्या आणि तो बाकावर. दुभाष्या म्हणून मला बोलावलं. टेबलावर ते चार कागद उघडे पडलेले होते, शेजारी माझ्याच पोस्टाचा शिक्का असलेला लिफाफा. वेरीने लिफाफा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

"हे काय हाय?" ठाणेदारांनी कागद पुढे केले.

"संगीत," तो म्हणाला. "ऐसा लिखते हैं."

"असं? मग म्हनून दाखव."

त्याने पहिल्या कागदावर बोट ठेवलं आणि बोट सरकवत झमकूबाईचा ढावलो शब्दांशिवाय, नुसत्या आ-आ-त म्हटला. ठाणेदारांचा विश्वास बसेना. पाठ करून ठेवलं असेल, म्हणाले. मग त्यांनी यंत्र चालवायला लावलं.

चाकं फिरली आणि ठाण्यात बायकांचं रडणं सुरू झालं. एक म्हातारी, एक कोवळी. हुंदका, त्यात ओळ, पुन्हा हुंदका. हवालदार दारातून आत आला. ठाणेदारांचा चेहरा बदलला. ते उठून उभे राहिले.

"ह्या बाया काहून रडून राह्यल्या? काय केलं तू त्याइले?"

वेरी काय सांगणार? जे सांगितलं ते मी भाषांतर केलं, पण माझ्या तोंडून ते खोटंच वाटलं असणार. शेवटी तांड्यावर शिपाई धाडला. दुपारी हरसिंग नायक आणि झमकूबाई आली. पोलीस ठाण्यात बंजारा बाईने पाऊल टाकायचं म्हणजे काय, हे त्या काळात ज्याने पाहिलं त्यालाच माहीत. नायक हात जोडून दाराशीच उभा राहिला. झमकूबाई मात्र सरळ टेबलापर्यंत आली.

ठाणेदारांनी पुन्हा यंत्र लावलं. आपला आवाज तिने आजवर कधी ऐकला नव्हता. वेरीने काम पुरं होईपर्यंत कोणालाच ऐकवला नव्हता. ती मान वाकडी करून ऐकू लागली. ठाणेदार तिच्या तोंडाकडे बघत होते, मी वेरीकडे, आणि वेरी चाकांकडे. एका जागी म्हातारीने पटकन हात वर केला.

"थांबव! इथं मी चुकली. दम तुटला माहा. हे नको ठेवू. पोरीचं चांगलं हाय, माह्यं पुन्ना घे."

ठाणेदार खुर्चीत बसले. म्हणाले, "म्हनजे हे गानं हाय?"

"मग काय मार खाऊन रडून राह्यली काय मी?" झमकूबाई म्हणाली.

संध्याकाळच्या आत पेट्या परत मिळाल्या. कागदही. वेरी दुसऱ्या दिवशी पोस्टात आला, तोच लिफाफा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "अब ठीक से बंद करना, बाबू. उस दिन गोंद कम था." दुसरं काही नाही. मी माफी मागावी म्हणून तो थांबला होता का, कोण जाणे. मी लिफाफ्याला गोंद लावला, शिक्का मारला. त्या दिवसापासून फितींची पार्सलं तो स्वतःच्या हाताने शिवायचा आणि लाख वाळेपर्यंत माझ्यासमोर उभा राहायचा.

उन्हाळा लागताच तो गेला. तांड्याने त्याला निरोप दिला. रूपली सासरहून आली होती, ती चांगली हसत होती असं मला आठवतं. गाव म्हणालं, चला, काही वाईट झालं नाही. आणि गावाचा संशय मिटला, माझाही मिटत आला.

पुढच्या वर्षी मी कामानिमित्त दोन मोटारी बदलून शिरपूरला गेलो. तिथल्या रतनलालजींचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानात ग्रामोफोन. गिऱ्हाईक बसावं म्हणून दिवसभर रेकॉर्डी लावायचे. मी धोतराचं पान बघत होतो आणि एक नाचाचं गाणं सुरू झालं. बाजे खूप, ठेका धावता, मुंबईची कोणी नाजूक आवाजाची बाई हिंदीतून बागेतल्या झोक्यावर काहीतरी म्हणत होती. दुसऱ्या ओळीला माझ्या हातातलं धोतर तसंच राहिलं. चाल झमकूबाईची होती. चढण तीच, उतरण तीच, फक्त हुंदक्याच्या जागी टाळ्या टाकल्या होत्या.

"ही रेकॉर्ड पाहू," मी म्हटलं.

"लय चालून राह्यली," रतनलालजी म्हणाले. "पोरं दिवसातून धा खेपा लावायले सांगतात."

रेकॉर्डच्या मधल्या कागदी चकतीवर लिहिलं होतं: संगीत – डी. वेरी. बाकी कोणाचंही नाव नाही.

आम्ही त्याच्यावर हेर असल्याचा संशय घेतला, पाद्री असल्याचा घेतला, धन खणायला आल्याचा घेतला. तो आमच्या डोळ्यांदेखत, रीतसर पावती घेऊन, माझ्याच पोस्टातून जे घेऊन गेला त्याचा संशय एकालाही आला नाही. मी तांड्यावर काही बोललो नाही. बोलून काय सांगणार होतो?

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तो पुन्हा आला. नवा सूट, केस तेल लावून बसवलेले. गाणं चाललं होतं, कंपनीला तसलीच आणखी हवी होती. पोस्टात येऊन त्याने हसत हात पुढे केला. मी हात टेबलाखाली ठेवला.

"मैंने रेकॉर्ड सुना," मी म्हणालो.

त्याचं हसू गेलं. आधी म्हणाला, चाल कोणाचीच नसते, हवेत असते. मग म्हणाला, कंपनीचा नियम आहे, चकतीवर संगीतकाराचं एकच नाव असतं. मग तो पुढे झुकला.

"तुमने मेरा चिट्ठी खोला. मैंने तुमसे पूछा, क्यों?"

"मुझे हुकुम था."

"मुझे भी," तो म्हणाला.

बाहेर कोणीतरी तिकीट मागत होतं, त्याला मी थांबायला सांगितलं. मग मी वेरीला म्हणालो, मला सांगू नका, तिला सांगा. आणि जायच्या आधी हे ऐकून जा, की रूपली नाही राहिली. कामाला म्हणून नवऱ्याबरोबर खानदेशात गेली होती, तिथे पहिल्याच बाळंतपणात गेली. पावसाळ्यातली गोष्ट.

तो खुर्चीवर बसला. त्याने काही वाजवून बघितलं नाही, कशाला हात लावला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "तुम साथ चलो."

आम्ही गेलो. त्याने ग्रामोफोनही घेतला आणि यंत्रही. झमकूबाई खूप वाळली होती. त्याने आधी रेकॉर्ड लावली. बायापोरी जमल्या, पोरं ठेक्यावर नाचायला लागली. झमकूबाईला ओळख लागायला वेळ लागला नाही. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि मग विचारलं, "हे माह्यं हाय ना?"

"हां, माई."

"मग नवरी कुठं हाय ह्याच्यात?"

मी भाषांतर केलं. माझं नाव लिहिलंय, तुमचं नाही, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. तेवढं मी त्याच्या बाजूने लिहून ठेवतो. पण बाईला नावाचं काही वाटलेलं दिसलं नाही. ती म्हणाली, "ते जाऊ दे. पोरीचा आवाज हाय काय तुह्याजवळ? का तो बी दुसऱ्या बाईचा केला?"

त्याने यंत्राला चावी दिली.

रूपली म्हणू लागली तेव्हा तिची आई घरात निघून गेली. नाचणारी पोरं कोणी न सांगता थांबली. झमकूबाईने यंत्राच्या झाकणावर हात ठेवला, ऊब लागते का बघावी तसा. फीत संपली तरी हात काढला नाही.

"हे इथं ठेव," ती म्हणाली.

"मशीन कंपनी का है, माई."

"मशीन कोन मांगून राह्यलं? पोरगी ठेव."

त्या खेपेला त्याने एकही नवं गाणं घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या मोटारीने गेला. मोटारीच्या टपावर पेट्या चढवताना मी त्याला म्हणालो, काहीतरी करा. तो म्हणाला, "कोशिश करूँगा." माझा विश्वास बसला नाही. कोशिश करूँगा हे शब्द मी माझ्या आयुष्यात इतक्यांदा ऐकले आणि म्हटले आहेत की मला त्यांची किंमत ठाऊक होती.

पाचेक महिन्यांनी झमकूबाईच्या नावे एक लाकडी खोका आला. आत भुशात गुंडाळलेल्या, एकसारख्या सहा रेकॉर्डी. चकत्या कोऱ्या पांढऱ्या, त्यांवर शाईने नागरी अक्षरात, एखाद्या पोराने गिरवावं तसं लिहिलेलं: झमकूबाई, रूपली. हरसिंग नायक तांडा. संगीतकाराचं नाव कुठेच नाही. खोक्यात चिठ्ठीसुद्धा नाही. नायकाने कारंज्याच्या बाजारातून जुना चावीचा ग्रामोफोन आणला. पहिल्या दिवशी तांड्यातलं कोणी कामाला गेलं नाही.

त्यानंतर आठ दिवसांनी कंपनीचं पत्र आलं, माझ्या हुद्द्याच्या नावाने. आमच्या स्टुडिओत परवानगीशिवाय रेकॉर्डी काढल्या गेल्या आहेत, श्री. वेरी आता आमच्या नोकरीत नाहीत, त्यांच्याकडून आपल्याकडे काही पार्सल आलं असल्यास कळवावं. पार्सल माझ्या वहीत नोंदलेलं होतं. मी पत्र वाचलं, घडी घातली आणि चहा केला त्या चुलीत टाकलं. उत्तर दिलं नाही. नोकरीत एवढं एकच पत्र मी जाळलं.

दशक संपता संपता खात्याच्या परीक्षेसाठी मी मुंबईला गेलो. पेपर संपल्यावर दुपारी चारच्या सुमारास, बरोबरच्या एकाने आग्रह केला म्हणून फोर्टातल्या एका मोठ्या हॉटेलात चहाला गेलो. कोपऱ्यात पियानो होता. वाजवणाऱ्याची पाठ बघूनच मी ओळखलं. केस पांढरे झाले होते, कोटाची बाही कोपरावर झिजली होती.

मी जवळ जाऊन उभा राहिलो. वाजवणं न थांबवता त्याने वर पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत भीती आली. ठाण्यातल्या बाकावरही मी ती पाहिली नव्हती.

"कंपनी ने भेजा?" त्याने विचारलं.

"नाही. मी परीक्षेला आलोय," मी मराठीतच म्हणून गेलो, मग हिंदीत सांगितलं.

त्याने माझे रिकामे हात पाहिले, मागे कोणी आहे का पाहिलं. मग जरा सैल झाला. "आवाज कैसा आया? सुई से खर-खर तो नहीं?"

"घासून घासून आता खरखर येते. चार फुटल्या, दोन राहिल्यात. रोज लावतात."

"माई क्या बोला?"

मी आठवून सांगितलं. पहिल्यांदा लावली त्या दिवशी झमकूबाई म्हणाली होती, दम तुटला तिथं पुन्ना घेतलं ते चांगलं केलं. त्याने मान हलवली, दोन-तीनदा. ती आहे का, हे त्याने विचारलं नाही. आहे, असं मीच सांगितलं.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून एक तरुण जोडपं उठून आलं. मुलगा हसतमुख होता, अदबीने बोलला. झोक्याचं ते गाणं येतं का, आमच्या लग्नात तेच लावलं होतं, म्हणाला. मॅनेजर लांबून बघत होता. हॉटेलात तेच गाणं सगळ्यात जास्त मागत असणार.

वेरीने पियानोवरची बोटं उचलली. मुलाकडे बघितलं, मुलीकडे बघितलं.

"वो मुझे नहीं आता, साहब," तो म्हणाला, आणि दुसरंच काहीतरी वाजवायला लागला.